दोन भोवऱ्यांचा न

बायको गेली की नवऱ्याकडे लोक मनाबद्दल बोलायला येतात. सेतुरामरावांकडे ते तेराव्याच्या जेवणापासूनच येऊ लागले.

वकील हनुमंतराव म्हणाले, मन घट्ट करा. शेजारची कमलाक्षी म्हणाली, मन मोकळं करा. एक चुलतभाऊ म्हणाला मन मारा, दुसरा म्हणाला मन रमवा. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, फार मनावर घेऊ नका, आणि त्याच दमात म्हणाले, पण सोमवारपासून शाळेत यायचं तेवढं मनावर घ्या.

सेतुरामराव हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होते. ज्या वस्तूचं चित्र काढायचं ती आधी टेबलावर ठेवायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यांनी साधेपणानं विचारलं, "घट्ट आधी करायचं की मोकळं आधी? आणि मारलं तर मग रमवायचं कुणाला?" लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दुःखानं माणूस चळला, असं ठरवून ते जेवायला बसले.

घरात आता दोनच माणसं. सेतुरामराव आणि त्यांची थोरली विधवा बहीण वेंकूबाई. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे. अक्का प्रेमळ होती, पण तिच्या प्रेमाला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. कारण त्या घरात 'नाही' म्हणायचं काम गेलेल्या बायकोचं, कनकलतेचं होतं.

सेतुरामरावांना ते कधी जमलं नाही. गॅदरिंगचे पडदे, लग्नाच्या कमानी, लोकांच्या पोरांचे नकाशे, कुणी काही मागितलं की हे बाहेरून हो म्हणून येत आणि कनकलता दारात उभी राहून ते परत पाठवी. तंजावरच्या आमच्या मराठी घरांत पंगतीला 'नको' म्हटलं तर वाढणारा ते लाजणं समजतो आणि आणखी एक डाव आमटी ओततो. 'खरंच नको' म्हटलं तर दोन ओततो. कनकलतेनं त्यावर तोडगा काढला होता. खरं नको असलं की ती मराठी सोडून तमिळमध्ये म्हणे, "वेण्डाम्." आवाज चढवायची नाही. पण तो शब्द असा पडे की पातेलं उलट पावली स्वैपाकघरात जाई.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे सेतुरामरावांचं डोकं. त्यावर दोन भोवरे होते. जावळ काढताना न्हाव्यानं ते पाहिले आणि त्यांच्या आईनं डोळ्याला पदर लावला. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे मराठ्यांना माहीत आहे तसं तमिळांनाही माहीत आहे. ते भोवऱ्याला 'सुळी' म्हणतात, एवढाच फरक. कनकलतेच्या वडिलांना हे लग्न ठरल्यावर कळलं. दोन लग्नं म्हणजे पहिली जाणार, असा हिशोब करून ते मोडायला निघाले. तेव्हा परकरातली कनकलता आतून म्हणाली, "दोन असली तर असू देत. पहिलं आत्ता, दुसरं साठाव्या वर्षी. दोन्ही माझ्याशीच." आमच्याकडे नवरा साठीचा झाला की त्याचं त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात, नवी ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधतात, नातवंडं अक्षता टाकतात. तिच्या वडिलांना हे उत्तर बिनतोड वाटलं. पुढे मूलबाळ झालं नाही, तरी ते साठाव्या वर्षाचं लग्न त्या दोघांच्या बोलण्यात कायम असे. कनकलता त्या दिवशी नेसायचा रंगही ठरवून बसली होती. सेतुरामराव बावन्नाचे झाले आणि ती गेली.

संध्याकाळी राजवाड्यामागच्या गल्लीत हनुमंतरावांच्या ओट्यावर बैठक भरे. सेतुरामराव तिथे जाऊन बसत. घरी बसलं तर अक्का बोले, इथे बसलं तर बाकीचे बोलत, म्हणजे निदान फिरणं होई.

ओट्यावर दोन विद्वान होते. राममूर्ती शास्त्री वेदान्ताचे. कल्याणराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत आणि जानेवारीपासून बौद्ध होते. ते छपन्न साल होतं. बुद्धाला अडीच हजार वर्षं झाली म्हणून सरकारनं उत्सव जाहीर केला होता, आणि कल्याणरामांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला होता. सरकारनं दुसऱ्या कुणाचा जाहीर केला असता तर ते तेही झाले असते, असं शास्त्रीबुवा त्यांच्या पाठीमागे म्हणत, आणि ते शास्त्रीबुवांच्या पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शास्त्रीबुवा बोटं मोडत सांगत, "मन, बुद्धी, चित्त, अहंकार, हे अंतःकरणाचे चार भाग. शरीर हा रथ. इंद्रियं घोडे. मन म्हणजे लगाम. बुद्धी सारथी. आणि आत जो बसलाय तो आत्मा. तो रडत नाही, सेतुराम. तो नुसता पाहतो. तुमच्यात रडतंय ते मन, ते तुम्ही नव्हे."

"मग रडू दे ना त्याला," सेतुरामराव म्हणत. "मी नव्हेच म्हटल्यावर मी का अडवू?"

कल्याणराम हसत. "रथ काढलात ना शास्त्रीबुवा? बरं झालं. आता त्याची चाकं काढा. आस काढा. जू काढा, लगाम काढा. आता दाखवा रथ कुठे आहे. नाही. तसा आतला माणूसही नाही. क्षणाला एक चित्त उठतं, विझतं, दुसरं उठतं. एका वातीनं दुसरी लावावी तसं. दुःख आहे, सेतुरामराव. दुःखी माणूस नाही."

गल्लीच्या तोंडाशी घोडागाडी घेऊन जट्केवाला उभा असे. एकदा हे बोलणं ऐकून त्यानं आपली गाडी चार हात लांब नेऊन लावली. सेतुरामरावांना त्याचं पटलं. एकाच्या रथात बसायला जागा नव्हती, दुसऱ्याचा रथच नव्हता, आणि घरी चालत जायचं ते त्यांनाच होतं.

हे सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण शास्त्रीबुवा एकदा एक वाक्य बोलून गेले आणि ते काट्यासारखं रुतलं. ते म्हणाले, "तुम्ही आठवण काढता ना, तेव्हा तुमचं मन तिला खाली ओढतं. जीव पुढे जायला निघालेला असतो, तुम्ही पदर धरून ठेवता. तिची वाट अडते."

सेतुरामरावांनी कल्याणरामांना विचारलं, "हे खरं का?"

कल्याणराम म्हणाले, "छे. ओढणारा कुणी नाही, ओढली जाणारी कुणी नाही. नुसतं ओढणं आहे."

यानं काही हलकं वाटलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी आठवण न काढायचा सराव सुरू केला. कॉफी गाळताना वास आला की ते मनात तेराचा पाढा म्हणू लागत. अंगणातल्या दोरीवर लुगडं वाळताना दिसलं, मग ते अक्काचं का असेना, की मान वळवत. जेवण कमी झालं. वर्गात त्यांनी मुलांना माठ काढायला सांगितला आणि टेबलावर माठ ठेवायलाच विसरले. कनकलतेला आपल्यामुळे त्रास होतोय, ही एक गोष्ट त्यांना सहन होत नव्हती. तिला जाऊ द्यायचं असेल तर जाऊ देऊ, पण कुणीतरी नक्की सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि इतकं मन जाणणाऱ्या त्या ओट्यावर नक्की सांगणारं कुणी नव्हतं.

हनुमंतराव वकील होते. दोन माणसं भांडत असली की सुनावणी ठेवायची, हे त्यांच्या रक्तात होतं. ते सत्संग सभेचे अध्यक्षही होते. त्यांनी जाहीर केलं की वैशाखी पौर्णिमेला बुद्धजयंती आणि जाहीर सभा. विषय : मन एक की दोन? म्हणजे मनाच्या मागे पाहणारा दुसरा कुणी आहे, की मन तेवढं एकच. शास्त्रीबुवा 'दोन'च्या बाजूनं बोलतील, कल्याणराम 'एक'च्या.

"आणि सेतुराम," ते म्हणाले, "तुम्ही शेवटी चार शब्द स्वानुभवाचे बोला. नुसतं शास्त्र लोकांना जड जातं."

सेतुरामराव हो म्हणाले. नाही म्हणायला कुणी नव्हतंच.

तंजावरच्या मराठ्यांत देवनागरी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत, म्हणून पत्रक तमिळमध्ये छापायचं ठरलं. हनुमंतराव स्वतः छापखान्यात गेले. आता तमिळचं एक आहे. त्यात न आणि ण दिसायला सख्खे भाऊ. न ला दोन वेटोळी, ण ला तीन. वेटोळ्यालाही तमिळमध्ये सुळीच म्हणतात, म्हणून शाळेतली पोरंसुद्धा 'दोन सुळींचा' आणि 'तीन सुळींचा' अशीच त्यांची नावं घेतात. दोन सुळींचा न घातला तर 'मनम्', म्हणजे मन. तीन सुळींचा ण घातला तर 'मणम्', म्हणजे लग्न.

खिळे जुळवणाऱ्यानं मान वर न करता विचारलं, "सार, दोन सुळी की तीन सुळी?"

हनुमंतराव तमिळ बोलत ते अस्सल. साक्षीदाराला रडवत. पण लिहिण्याचा संबंध सगळा इंग्रजीशी. आपल्याला हे माहीत नाही असं म्हणणं चार पिढ्यांच्या वकिलीत बसत नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "विषय मोठा आहे. तीन घाल."

तपासायला आलेला कागद शास्त्रीबुवांना दाखवला. ते संस्कृताबाहेरचं काही वाचत नसत. त्यांनी आपलं नाव वर आहे एवढं विचारून घेतलं. कल्याणरामांनी आपल्या नावापुढे एम. ए. आहे का ते पाहिलं. आणि पत्रकं गावभर लागली. राजवाड्याच्या भिंतीवर, तेलाच्या घाण्यावर, ओरत्तनाडूला जाणाऱ्या बसच्या पाठीवर. त्यावर ठळक अक्षरांत होतं :

लग्न एक की दोन?

खाली दोन विद्वानांची नावं. आणि त्याखाली : श्री. सेतुरामराव स्वानुभव सांगतील.

सेतुरामरावांनी ते शाळेत जाताना पाहिलं. ड्रॉइंग मास्तर असल्यानं त्यांना आधी अर्थ नाही, आकार दिसला. एक वेटोळं जास्त. मग अर्थ दिसला. ते तसेच हनुमंतरावांकडे गेले.

"तीन वेटोळी पडलीत," ते म्हणाले.

"पडली नाहीत, मी घातलीत," हनुमंतराव म्हणाले. "मनाचे गुण किती? सत्त्व, रज, तम. तीन. बसलात तिथे विचार करा, बरोबर आहे."

"पण त्याचा अर्थ लग्न होतो."

 हनुमंतराव चष्मा पुसत म्हणाले, "लोक सुज्ञ असतात हो. संदर्भानं घेतील."

लोकांनी संदर्भानंच घेतलं. संदर्भ उघड होता. कनकलतेचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. वर्ष सरलं, विधुर मोकळा झाला, आणि डोक्यावर दोन भोवरे. माणूस लाजाळू आहे म्हणून सभेच्या आडून सुचवतोय, यात न कळण्यासारखं काय होतं? पहिल्यांदा कमलाक्षी आली आणि अक्काला म्हणाली, "इतकी घाई होती तर आम्हाला सांगायचं. भिंतीवर कसाला लावायचं?"

दोन दिवसांनी ओरत्तनाडूचे श्रीनिवासराव आले. तिथे सरकारी कचेरीत होते. शेतीही होती. त्यांची धाकटी बहीण विजयलक्ष्मी मुलींच्या शाळेत शिकवत होती आणि तिचं लग्न राहून गेलं होतं. श्रीनिवासरावांनी नारळ आणले, पत्रिका आणली, आणि कॉफीचा पितळी डबरा खाली ठेवून म्हणाले, "जाहिरात पाहिली. मोकळेपणा आवडला."

"ती सभा मनावर आहे," सेतुरामराव म्हणाले.

"सगळं मनावरच असतं," श्रीनिवासराव म्हणाले. "मनावर घेतलं तर महिन्यात होईल."

ते गेल्यावर अक्का भिंतीला टेकून बसली. तिचे डोळे भरले होते, आणि ते आनंदानं भरले होते हेच अवघड होतं. "सेतू, मी आज आहे, उद्या नाही. मग तुला डबराभर कॉफी कोण देणार? मुलगी वयानं थोर आहे, शिकलेली आहे. तू काही बोलू नकोस. मी त्यांना सरी, बरं आहे, म्हणून टाकते."

"अक्का, मला जमणार नाही."

"काय जमणार नाही?"

 नको म्हणाले तर ती लाजणं समजणार, खरंच नको म्हणाले तर फारच लाजणं समजणार.

अक्का म्हणाली, "सभेला ती माणसं येणार आहेत. तुला नाही म्हणायचं असलं तर तिथे उभा राहून म्हण. नाही म्हणालास तर मी पुन्हा विषय काढणार नाही. पण गप्प बसलास, तर तिथेच त्यांच्या हातात होकाराची खडीसाखर देणार. आणि कनकाची पेटी मी आता रिकामी करते. वर्ष झालं. साड्या गोरगरिबांना जातील. नवी बाई येणार त्या घरात जुनीची पेटी ठेवत नाहीत." जरा थांबून ती म्हणाली, "शास्त्रीबुवाही म्हणतात, तिला सोड म्हणून."

हे शेवटचं तिनं मुद्दाम म्हटलं नव्हतं. पण तिथेच लागलं.

पौर्णिमेला सभेच्या मांडवात कधी नव्हे ती गर्दी झाली. एरवी अध्यक्ष, वक्ते आणि सतरंज्या घालणारा मिळून जेमतेम मूठभर माणसं असत. त्या दिवशी बायकांची बाजू भरून माणसं बाहेर उभी. बुद्धाची तसबीर गावात मिळेना, म्हणून कल्याणरामांनी दिनदर्शिकेवरचा बुद्ध कापून आणला होता. त्याच्या पायाशी मे महिना तसाच राहिला होता. अक्का पुढे बसली होती, पदराच्या टोकात खडीसाखर बांधून. तिच्या शेजारी विजयलक्ष्मी. सडसडीत, चष्मेवाली, आणि आपल्याला इथे का आणलंय हे पूर्ण ठाऊक असलेल्या माणसासारखी कंटाळलेली. तिच्यामागे श्रीनिवासराव.

शास्त्रीबुवा उठले. देह रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम. लोकांनी रथापर्यंत धीर धरला. वरातीचा असेल असं वाटलं. लगामाशी मागून एक मामा ओरडले, "सामी, घोडं कळलं. मुलगी कुठली ते सांगा."

"सर्वांच्या आत एकच साक्षी आहे," शास्त्रीबुवा म्हणाले.

"एक साक्षी चालत नाही," दुसरा म्हणाला. "रजिस्ट्रारला दोन लागतात."

हनुमंतरावांनी टेबल वाजवलं. कल्याणराम उठले आणि सरळ मुद्द्यावर आले. "मुळात नवरा म्हणून कुणी नाही. बायको म्हणून कुणी नाही. क्षणाक्षणाला सगळं बदलतं. सकाळचा माणूस संध्याकाळी तोच नसतो."

बायकांच्या बाजूला मोठी कुजबुज झाली. एक म्हातारी जागेवरूनच म्हणाली, "आमचेही असंच म्हणायचे. म्हणून घरी यायला उशीर करायचे." कल्याणराम थोडा वेळ शून्यावर बोलले आणि खाली बसले. कुणाला काही कळलं नाही, पण बहुतेकांचं मत पडलं की हा बाबा लग्नाच्या विरुद्ध आहे आणि याला कुणीही मुलगी देऊ नये.

"आता श्री. सेतुरामराव," हनुमंतराव म्हणाले, "स्वानुभव."

 सेतुरामराव उभे राहिले. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलं होतं. समोर अक्काचा हात पदराच्या गाठीवर होता. गाठ अर्धी सुटली होती.

ते म्हणाले, "पत्रकात एक वेटोळं जास्त पडलंय."



"मला बोलायचं होतं दोन सुळींच्या न वर. छापला गेला तीन सुळींचा. माझ्या डोक्यावर दोन आहेत. लहानपणापासून लोक म्हणतात दोन सुळी म्हणजे दोन लग्नं. पण तमिळ अक्षरांत दोन सुळी म्हणजे मन. लग्नाला तीन लागतात. मला तिसरी नाही. पाहिजे तर न्हाव्याला विचारा."

बायकांच्या बाजूनं हसू आलं, एकटंच. विजयलक्ष्मी हसली होती. मग हळूहळू बाकीचे हसले.

श्रीनिवासराव अर्धवट उठले. "म्हणजे आमच्याबद्दल नक्की काय?"

आता परत बसायची सोय नव्हती. सेतुरामरावांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. "शास्त्रीबुवा, माझी बायको आहे की नाही?"

"देह नाही. जीव आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "जीवाला मरण नाही."

"म्हणजे आहे. मग वकीलसाहेब, एक बायको असताना दुसरी केली तर नवीन कायदा काय म्हणतो?"

हनुमंतराव सवयीनं म्हणाले, "गुन्हा आहे." मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते टेबलावरचे कागद नीट करू लागले.

"आणि कल्याणराम, तुम्ही म्हणता मीच नाही."

"त्या अर्थानं नाही," कल्याणराम म्हणाले.

"कुठल्याही अर्थानं असो, जो नाही त्याला नवरदेव कसं करणार? म्हणजे एकाच्या मतानं गुन्हा आहे आणि दुसऱ्याच्या मतानं नवराच नाही. माझं तुम्हा दोघांशी भांडण नाही. वर्षभर तुम्ही माझ्यासाठी तोंड दुखवलंत." ते शास्त्रीबुवांकडे वळले.  "एकच गोष्ट पटली नाही. मी आठवण काढतो म्हणून ती खाली ओढली जाते, असं तुम्ही म्हणालात. मी पाढे म्हणून पाहिले. पण शास्त्रीबुवा, तुम्ही कनकलतेला ओळखत होतात. तुमच्या घरच्या मुंजीच्या कमानीला तिनं मला येऊ दिलं नव्हतं. त्या बाईला कुणी ओढून कुठे नेलेलं मी तीस वर्षांत पाहिलं नाही. तिला जायचं तर ती गेली असेल. आणि थांबली असेल, तर तिला थांबायचं असेल म्हणून. माझ्या ओढण्याचा तिथे काही संबंध नाही."

 शास्त्रीबुवांना ती कमान आठवत असावी; त्यांनी मान डोलावली. 

"माझं दुसरं लग्न ठरलेलं आहे," सेतुरामराव म्हणाले. "साठाव्या वर्षी. मुलगी ठरलेली आहे. अक्काला माहीत आहे ती कोण."

 अक्काच्या हातात पदराची गाठ तशीच राहिली. पण श्रीनिवासराव सरकारी माणूस होते, एका नकारानं फाइल बंद करणाऱ्यांतले नव्हते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे दुःखाच्या भरात बोलताय. महिनाभर मन शांत होऊ द्या. घाई नाही. आम्ही थांबू. निदान पत्रिका तरी ठेवून घ्या." आणि त्यांनी पत्रिका पुढे केली.

"वेण्डाम्," सेतुरामराव म्हणाले.

आवाज चढला नव्हता. पण पुढे आलेला हात जिथे होता तिथून परत गेला. अक्कानं दचकून आजूबाजूला पाहिलं, जणू आणखी कुणीतरी मांडवात बोललं होतं. मग तिनं खडीसाखरेची गाठ पुन्हा बांधली. नीट, दोनदा.

हनुमंतरावांनी समारोप केला. मन एक आहे असंही सिद्ध झालं आणि दोन आहेत असंही, असं ते म्हणाले, आणि दोन्ही वक्त्यांना हार घातले. बुद्धाला घालायला हार उरला नाही, तेव्हा शास्त्रीबुवांनी आपल्या गळ्यातला काढून दिनदर्शिकेवर ठेवला. कल्याणरामांना ते आवडलं नाही.

मांडवाच्या दाराशी विजयलक्ष्मी सेतुरामरावांना म्हणाली, "नमस्कार. बरं केलंत."

"तुमचा अपमान करायचा नव्हता," ते म्हणाले.

"माझा कसला? मी कितीतरी वर्षं घरी हेच सांगतेय. पण मराठीत सांगत होते. चूक तिथेच झाली." चष्मा सारखा करून ती भावामागे बसकडे गेली. बसच्या पाठीवर अजून ते पत्रक होतं.

 त्या संध्याकाळी अक्कानं पान मांडलं, भात वाढला, आमटी वाढली. सेतुरामराव बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. अक्कानं दुसऱ्यांदा पळी पुढे केली.

"वेण्डाम्," ते म्हणाले.

पळी हवेत थांबली. अक्कानं ती पातेल्यात परत ठेवली. "तिचंच तोंड घेऊन बसलास," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. आतून बराच वेळ काहीतरी उचलल्याचे, ठेवल्याचे आवाज येत राहिले. सेतुरामराव हात धुवून दारापाशी गेले. कनकलतेची पेटी उघडी होती. सकाळी गोरगरिबांसाठी बाहेर काढून ठेवलेल्या साड्या अक्का एकेक करून परत आत लावत होती. तळाला अंथरायला कागद हवा होता, म्हणून तिनं सभेची उरलेली पत्रकं घेतली होती. तिला तमिळ वाचता येत नव्हतं. तळभर एकाला एक लागून तेच वाक्य पसरलं होतं, तीन वेटोळ्यांचं.

सेतुरामरावांनी ते वाचलं. तमिळमध्ये 'मणम्' म्हणजे वासही होतो, हे त्यांना तेव्हा आठवलं, कारण पेटीतून वाळ्याचा वास येत होता. पाढ्याची सुरुवात तोंडाशी आली होती. ती त्यांनी सोडून दिली.

"मोतिया रंगाची वर ठेव," ते म्हणाले. "साठाव्या वर्षाची."

"माहीत आहे मला," अक्का म्हणाली.